पानाची उलटी बाजू

सोमवार, ३ तारीख

लिही. आधी हे लिही, की वही माझी आहे आणि अक्षर माझं नाही. मला अक्षर येत नाही. सत्तरी उलटेपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि आता रोज शाळेतच येते. कारण लढाई लागल्यापासून या शाळेचं लष्करी इस्पितळ झालंय. वर्गावर्गात खाटा. तिसरीच्या वर्गात माझी शिवणखोली. फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं गणित अजून तसंच आहे, पुसायचं कुणाच्या जिवावर येत नाही. मी त्याच्याखाली बसून जखमी शिपायांच्या वर्द्या सांधते. सूनबाई मागच्या अंगणात त्या धुते. रक्त गार पाण्यात काढायचं असतं, गरम घातलं की ते कायमचं मुक्कामाला येतं. एवढं तिला मी शिकवलं. बाकी सगळं तिला माझ्याआधीच येत होतं, वाचायलासुद्धा.

आता लिहिणाऱ्याबद्दल. हा सात नंबरच्या खाटेवरचा शिपाई. उजव्या मनगटात लोखंडाचा तुकडा घुसला होता. तुकडा निघाला, पण बोटं अजून झोपलेली. डॉक्टरांनी औषध दिलंय, रोज एक पान लिहायचं. दर सोमवारी ते वही बघणार. अक्षर सुधारलं म्हणजे हात सुधारला. हा कोरी वही घेऊन उजेडासाठी माझ्या खोलीत आला, लहान पोरांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला आणि तासभर पेन चावत राहिला.

"आजी, लिहायला काही सुचतच नाही हो."

मी म्हटलं, "तुझ्याकडे हात आहे, बोलणं नाही. माझं उलटं. घे लिहून."

याचं नाव मी बोरू ठेवलंय. उंच, वाळका, टोकाशी जरा तिरका. "हेही लिहू?" म्हणतोय. लिही, लाजतोस काय.

बुधवार, ५ तारीख

बोरू घरी पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे थुंकू नये'च्या. बाप खडूनं अक्षरं आखणार आणि हा रंग भरणार, असा दोघांचा धंदा. बापाचे डोळे आता गेल्यात जमा आहेत. एका कापडवाल्याची अकरा हात लांब पाटी आखून तशीच भिंतीला टेकवून ठेवलीय. दोन वर्षं झाली, आत रंग नाही. "पोकळ अक्षरं, आजी," म्हणतो, "कोंबडीची हाडं चोखून ठेवावीत तशी."

मी म्हटलं, म्हणजे तुझा हात म्हणजे तुझं पोट. मग नीट लिही. मला वाचता येत नाही म्हणून फसवशील असं समजू नकोस. शिवण तपासायची तर उलटी बाजू बघावी. सुलट बाजूला सगळ्याच शिवणाऱ्या साध्वी असतात. कालचं पान मी उलटं करून मागून बोट फिरवलं. गुळगुळीत. लोणी लावल्यासारखं. पेन कागदावर टेकतंय, रुततच नाही. मनगटात जोर येईल तेव्हा मागून बोटाला कळेल.

बोरू म्हणाला, "डॉक्टरांनीसुद्धा अशी परीक्षा केली नसेल."

डॉक्टर शाळेत गेलेत, त्यांना सुलट बाजू वाचता येते. ज्याला जे येतं त्यानं ते करावं.

शनिवार, ८ तारीख

दमले. आज एकवीस वर्द्या आल्या. त्यातल्या सहा फाडायच्या. म्हणजे त्यांचे मालक आता वर्दी मागायला येणार नाहीत, त्यांच्या पट्ट्या करायच्या. फाडायचा ढीग डावीकडे, शिवायचा उजवीकडे. सकाळी सूनबाई गाठोडी टाकून जाते तेव्हा मी आधी डावीकडे बघत नाही. चहा पिऊन मग बघते.

एक गोष्ट बरी झाली. चौघे जण बरे होऊन घरी गेले. इथला नियम चांगला आहे. बरा झालेला आधी महिनाभर घरी जातो, मग पुढचं पुढे. लॉरीत बसताना चौघांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, जणू चौघांचं लग्न एकाच मांडवात लागतंय. बोरू खिडकीतून बघत होता. मी म्हटलं, "असा खिडकीला चिकटू नकोस. लिहीत राहा, पुढच्या महिन्यात तुझी पाटी तू रंगवशील."

माझ्या मुलाबद्दल याने विचारलं. त्याबद्दल काही लिहायचं नाही. 'लिहायचं नाही' एवढं लिही.

सोमवार, १० तारीख

डॉक्टर येऊन गेले. या माणसाचे डोळे म्हणजे न आवरलेली अंथरुणं. उभ्या उभ्या झोपतात आणि झोपेत शहाण्यासारखं बोलतात. वही चाळली. वाचत नाहीत ते, नुसतं अक्षर बघतात. शिंपी कापड बघतो तसं. "छान. रेघ धरायला लागलाय," म्हणाले. कोटाचं बटण लोंबत होतं. मी म्हटलं, "काढा कोट, दोन टाके मारते." तर म्हणे, "नको आजी, काढला तर परत घालायची ताकद नाही." अंगावरच शिवलं. अंगावर कपडा शिवताना तोंडात दोरा धरावा म्हणतात, तो त्यांना धरायला लावला. इस्पितळाचा मोठा डॉक्टर दोरा चावत उभा! सात नंबरची खाट हसली, आठ नंबरचीही हसली, आठ नंबरला हसलं की टाके दुखतात तरी.

बुधवार, १२ तारीख

माझ्या दारावर एक नवा कागद डकवलाय. दोन शिक्के आहेत, म्हणजे महत्त्वाचा असणार. सकाळपासून जो तो त्याच्यासमोर उभा राहून जातो. मला त्याचा उपयोग एवढाच, की दाराच्या फटीतून वारा यायचा तो थांबला.

बोरूला विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, "इस्पितळाचं काहीतरी, आजी. नियम." सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "हात ओले आहेत, आई." वाचायला हात कशाला लागतात कोण जाणे. डोळे ओले असते तर गोष्ट वेगळी.

शुक्रवार, १४ तारीख

हवा बदललीय की पाणी, देव जाणे, पण सगळं इस्पितळ एकदम परत आजारी पडलंय. आठ नंबरचा परवा कुबडी फेकून व्हरांड्यात नाचत होता. आज दोन्ही कुबड्या काखेत. बारा नंबरला ऐकू यायला लागलं होतं, तो पुन्हा बहिरा. मी त्याच्या मागे हळूच म्हटलं, "पाव आला रे." मान वळली नाही, पण कान हलले.

आणि हा बोरू! आधी ओळीत चाललेल्या मुंग्या होत्या, आता कुणीतरी त्यांच्यावर पाणी ओतलंय. न वाचतासुद्धा दिसतं मला. एक ओळ चढतेय, एक उतरतेय. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "दहा दिवस कमावलेलं दोन दिवसांत घालवलंस! तुझा म्हातारा तिकडं पोकळ अक्षरं राखत बसलाय आणि तू इथं आळस करतोस?" खाली मान घालून हे सगळं लिहितोय, तेही वाकडंच.

सूनबाई गाठोडं ठेवता ठेवता म्हणाली, "राहू द्या ना आई वाकडं. वाकड्या अक्षराला कुणी फासावर देत नाही."

हल्लीच्या मुलींना कामाची चाडच नाही.

सोमवार, १७ तारीख

डॉक्टरांनी वही बघितली. म्हणजे वही हातात होती, बघत होते बोरूकडे. बराच वेळ. मग म्हणाले, "बोटं परत आखडलीत. वेळ लागेल." आणि तसं त्यांच्या कागदावर लिहिलं. मला आशा होती रागावतील. दोन शब्द सुनावले असते तर पोर ताळ्यावर आलं असतं. पण रागवायलाही ताकद लागते, ती त्यांनी कुठून आणायची? या आठवड्यात त्यांनी तीन रात्री पाठ टेकलेली नाही असं सिस्टर म्हणत होत्या.

वर्द्यांची घाई मात्र फार वाढलीय. पूर्वी 'आजी, जमेल तशा द्या' म्हणायचे. आता 'शनिवारच्या लॉरीच्या आत द्या'. घरी जायला एवढी इस्त्रीची वर्दी कशाला लागते, मला कळत नाही. आई काय सलामी घेणार आहे?

बुधवार, १९ तारीख

आज मी शहाणपण केलं. सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस.

सकाळी बोरू पट्टी बदलायला गेला होता, वही बाकावर. मी सहज पान उलटलं आणि मागून बोट फिरवलं. अगं बाई! नांगरलेल्या शेतावरून बोट जावं तसं गेलं. एकेक अक्षर कागदातून मागे उठलेलं. आधीचं पान उलटलं, तेही तसंच. म्हणजे हात कधीचाच बरा झालाय! झोपलेलं मनगट असं रुतत नाही. अक्षर वाकडं, पण हात खणखणीत. आता वाकडं का, तर घाई करत असेल, नाहीतर माझ्या बडबडीला कंटाळला असेल. ते काही का असेना. इतका आनंद झाला की चष्मा न काढताच धावले.

डॉक्टर मोठ्या वर्गात होते. सोबत बाहेरून तपासणीला आलेले एक अधिकारी, चकचकीत बूटवाले. सिस्टरही होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही सुलट बाजू बघत बसलात, हे मागून बघा!" आणि त्यांचंच बोट धरून पानाच्या पाठीवरून फिरवलं. त्यांनी डोळे मिटले फक्त. मग बूटवाल्या साहेबांनी वही घेतली, स्वतःचं बोट फिरवलं, पुढची पानं बघितली, आधीची बघितली. "म्हातारीबाई," म्हणाले, "तुम्ही फार हुशार आहात." 

मी म्हटलं, "शिवणाऱ्याला उलटी बाजू कळते, साहेब. आता याला लवकर सोडा, याचा बाप वाट बघतोय."

साहेब डॉक्टरांना म्हणाले, "शनिवारच्या गाडीत याचं नाव घाला. बाकीच्यांनाही मी उद्या स्वतः बघतो." डॉक्टर म्हणाले, "हो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजी, तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो?"

दमलेल्या माणसाचं बोलणं मनावर घेऊ नये.

तर बोरू, शनिवारी घरी! तोंड गोड कर म्हणणार होते, पण हा आल्यापासून नुसता लिहितोय. आणि बघा, आज ओळ कशी सरळ चाललीय. काठीनं आखल्यासारखी. मी म्हटलं होतं की नाही, मनावर घेतलं की जमतं? हसत का नाहीस रे?

गुरुवार, २० तारीख

आजचं अक्षर सूनबाईचं. बोरूसमोर बसायचं मला तोंड नाही.

काल घरी जाताना सूनबाईनं मला दाराशी उभं केलं आणि तो कागद बोटानं दाखवून वाचला. शब्दाशब्दावर बोट ठेवून, लहान मुलाला शिकवतात तसा. 'यापुढे बरे झालेल्या कोणत्याही सैनिकास घरी जाण्याची रजा मिळणार नाही. त्यास थेट आघाडीवरील तुकडीत पाठवण्यात येईल.' आठ दिवस तो कागद माझ्या पाठीशी होता. वारा अडवतोय म्हणून मी त्याला दुवा देत होते.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आई. आणि भिजला तरी तो तुम्ही वहीत घातला असता. वही डॉक्टरांकडे जाते, डॉक्टरांकडून कुठंही जाते." मग म्हणाली, "डॉक्टरांना माहीत होतं. तेही बघून न बघितल्यासारखं करत होते. म्हटलं, चाललंय तर एखादा तरी उशिरा जाऊ दे."

यापुढचं मीच सांगते. ती लिहायला नको म्हणतेय, पण लिही. माझा मुलगा, तिचा नवरा, पहिल्याच वर्षी गेला. खांद्याला लागलं होतं, तो बरा झाला होता. बरा होऊन गेला होता. त्याची वर्दी मीच शिवली होती आणि टाका कसा बेमालूम बसलाय म्हणून चार जणांना दाखवली होती.

तेव्हापासून शिवतेय. हात तोच आहे. डोकं कुठं असतं कोण जाणे.

शुक्रवार, २१ तारीख

बोरू स्वतःच आला. बाकावर बसला, वही उघडली, पेन धरलं. "चला आजी, सांगा. आजचं पान राहिलंय."

त्याची वर्दी उजव्या ढिगात होती. उजवी बाही कोपरापासून चिंध्या. मी सकाळीच ती बाही उसवून सुयांच्या डब्याखाली लपवली होती. एका बाहीच्या वर्दीत कुणी शिपाई पाठवत नाही, असा माझा हिशेब.

त्यानं ती वर्दी उचलून उजवा खांदा बघितला. मग म्हणाला, "बाही द्या, आजी. वर्दी नाही म्हणून गाडी थांबत नाही. दुसऱ्याची देतात, फाडायच्या ढिगातली. मला माझीच बरी."

दिली. शिवली. उलटी बाजूही सुलटीसारखी, गाठ कुठं दिसणार नाही अशी. शिवताना मी म्हटलं, "शिव्या दे मला. चांगल्या पाट्यांवरच्या अक्षराएवढ्या मोठ्या दे."

"तुम्हाला येतात त्यापेक्षा मोठ्या मला येत नाहीत."

"तुझं वाटोळं केलं रे मी."

"केलंत," म्हणाला. खोटं बोलला नाही, ते बरं वाटलं. मग म्हणाला, "चूक माझीही आहे. अक्षर वाकडं काढताना हात इतका दुखायचा, आजी. म्हणजे दुखायचा नाही, लाज वाटायची त्याला. बापानं बघितलं तर काय म्हणेल, म्हणून जास्तच दाबून धरायचो. वाकडं लिहायला जोर लागतो." पेन खाली ठेवलं. "तुम्ही सोडून कुणाला कळलं नसतं."

दुपारी गंजलेल्या खाटा रंगवायचा हिरवा रंग त्याने सिस्टरकडून मागून आणला आणि माझ्या दारावर, त्या कागदाच्या बरोबर वर, पाच अक्षरं काढली. सिस्टर ओरडायला आल्या आणि उभ्याच राहिल्या. काय काढलंस, विचारलं. म्हणाला, "शिवणखोली." मला काय कळतंय, पण जाणारा-येणारा आधी ते बघतो आणि मग कागद. काहीजण कागद बघायचंच विसरतात.

शनिवार, २२ तारीख

गेला. आठ नंबर आणि बारा नंबरही गेले. माझ्या एका बोटानं तिघे.

लॉरी सुटताना बारा नंबरनं मला हाक मारली, "आजी, पाव येईल तेव्हा माझा ठेवा." त्याला पहिल्यापासून ऐकू येत होतं.

सूनबाई, पुरे.

पुढचा महिना, गुरुवार, ११ तारीख

बरेच दिवस वही बंद होती. सांगण्यासारखं काही नव्हतं. शिवायचं आणि फाडायचं, डावं आणि उजवं. गेले तीन आठवडे मी गाठोडं उघडलं की आधी डाव्या ढिगातल्या उजव्या बाह्या बघते. चहा नंतर.

आज पत्र आलं. मी टाके घालत होते, डॉक्टर समोर बसले होते. त्यांचं तेच बटण परत तुटलंय. सूनबाई ओले हात पुसत आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, बोरूचं."

आमच्या बोरूचं. ती वाचायला लागली आणि तिचा आवाज बसत गेला. तो दुसऱ्या कुठल्या तरी इस्पितळात आहे. गाडी खड्ड्यात उलटली, पुन्हा तोच हात खाली सापडला. हाड मोडलेलं नाही, पण बोटांत जोर नाही. म्हणतो, इथले डॉक्टरही रोज एक पान लिहायला सांगतात. इथे बोलणारी आजी नाही, म्हणून आजचं पान तुम्हालाच पाठवतो. बापाच्या पाटीबद्दल एक ओळ होती, ती तिला लागेना. "अक्षर बघवत नाही हो," म्हणाली. "एवढं वाकडं तर तेव्हाही नव्हतं. गेला बिचाऱ्याचा हात."

मी म्हटलं, "आण इकडं."

कागद घेतला. उलटा केला. मागून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, एकेक ओळ.

"काय लागलं बोटाला?" सूनबाईनं विचारलं.

"काय लागायचंय? कागद."

डॉक्टर दोरा तोंडात धरून बसले होते, तो काढला. "काय म्हणतो हात, आजी?"

मी चष्मा पुसला. "फार अशक्त आहे हो. लोणी लावल्यासारखं पान. लिहायला लावा म्हणावं त्यांना, पण घाई नको. खूप पानं लागतील. वर्ष-दीड वर्षसुद्धा लागेल."

त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला. मी घडी घातली, सुयांच्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून लावलं. ते त्या डब्याकडे बघत राहिले. त्या न आवरलेल्या डोळ्यांत काहीतरी हललं, हसू म्हणण्याएवढं मोठं नव्हतं.

"लागू देत," म्हणाले, आणि दोरा परत तोंडात धरला.

सूनबाई लिहिता लिहिता माझ्याकडे बघतेय. लिही, म्हातारी आज लवकर दमली. आणि शाई वाळली की पान उलटू नकोस, वही तशीच मीट.